पाय जमिनीला टेकलेत ना?

मी पनवेलहून बोलतेय, बचत गटांची सहयोगिनी.

मागच्या पावसाळ्यात माझं चुकलं. बँकेचा हप्ता दुसऱ्या दिवशी भरायचा होता आणि एका ताईचे पैसे आले नव्हते. भर बैठकीत मी तिला नाही नाही ते बोलले. पोरगा दवाखान्यात आहे, असं ती सांगत होती. मला ते ऐकूच आलं नाही. पुढच्या दोन बैठकांना ती आली नाही.

असं का होतं? ताण आला की छाती धडधडते, श्वास वर चढतो आणि समोरचं माणूस दिसेनासं होतं. अमेरिकेच्या एलिझाबेथ स्टॅन्ली यांनी यावरच काम केलंय. त्या आधी सैन्यात गुप्तवार्ता अधिकारी होत्या, मग जॉर्जटाऊन विद्यापीठात सुरक्षा विषयाच्या प्राध्यापक झाल्या. दुखलं तरी थांबायचं नाही, ही त्यांची सवय. शेवटी शरीरानंच संप पुकारला. मग त्यांनी सैनिकांसाठी आठ आठवड्यांचं प्रशिक्षण तयार केलं. २००८ साली इराकला निघालेल्या सैनिकांना ते दिलं. तपासणीला अमिशी झा या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञ होत्या. ज्यांनी नेमानं सराव केला त्यांचं डोकं ताणातही शाबूत राहिलं. ज्यांनी टाळाटाळ केली त्यांचं घसरलं.

आपल्या इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर असतं. पण घर, गुरं सोडून दहा दिवस कुणाला जमणार? म्हणून पाच मिनिटांपासून सुरुवात करा. बसा. तळपाय जमिनीला टेकलेत, तिथला गारवा, दाब जाणवू द्या. मन पळालं की रागावू नका, परत पायांशी आणा. रोज करा, म्हणजे भांडणाच्या वेळी आठवेल.

डोळे मिटून हप्ता फिटत नाही, हे मलाही कळतं. पण डोकं ठिकाणावर असलं तर वाट सापडते. मी त्या ताईच्या घरी गेले, माफी मागितली. गटानं अंतर्गत कर्जातून तिचा हप्ता भरला. आता आमची प्रत्येक बैठक दोन मिनिटं शांत बसून सुरू होते.

आणि झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर एकटीनं सोसू नका. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, रात्रंदिवस सुरू असतो. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

येते मैत्रिणींनो.