तान्ह्या मुलाच्या लंगोटाखालील लाली

ओलें बाळोतें किंवा डायपर फार वेळ तसाच राहिला म्हणजे मलमूत्राच्या स्पर्शानें तान्ह्या मुलाची त्वचा लाल होते. ही साधी लाली ढुंगणावर व मांड्यांवर, कापड घासतें तेथें दिसते. जांघेच्या घड्या बहुधा सुटतात. कोमट पाण्यानें धुवावें, न घासतां टिपावें, अंग कांहीं वेळ उघडें ठेवावें व जस्तयुक्त मलम जाड लावावें. पावडरीचा सोस मात्र नको. ती मुलाच्या श्वासांत जाते. घड्यांतच गडद लाली व भोंवतीं सुटें पुरळ असल्यास तो बहुधा बुरशीचा संसर्ग असतो. त्यास निराळें औषध लागतें व तें डॉक्टरांनींच द्यावें. फोड, पू, रक्त वा ताप दिसल्यास, अथवा २-३ दिवसांत उतार न पडल्यास, आजीबाईच्या बटव्यावर विसंबूं नये. मूल महिन्याच्या आंतलें असेल तर तितकीही वाट पाहूं नये.