कम्युटेटर गेला, टेपिंग राहिलं



भोपाळच्या पूर्वेला अयोध्या नगर ही मोठी वसाहत आहे. तिथून गोविंदपुऱ्याकडे निघालं की आधी छोट्या कारखान्यांच्या शेड लागतात, मग पिपलानी-बरखेड्याचे क्वार्टर आणि भेलचा तो अवाढव्य कारखाना. या भागात 'भेल' म्हटल्यावर कुणाला चुरमुरे आठवत नाहीत.

1956 साली 'हेवी इलेक्ट्रिकल्स' ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तंत्रज्ञान ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजचं. 1974 मध्ये ती भारत हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये, म्हणजे भेलमध्ये, विलीन झाली. टर्बाइन, ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर असं बरंच काही इथे बनतं. मी मात्र आज एकाच वस्तूविषयी बोलणार आहे: रेल्वे इंजिनाची मोटर.

जुनी मोटर डीसी. तिचा जीव कम्युटेटरमध्ये. तांब्याच्या शेकडो पट्ट्या गोलाकार बसवायच्या, प्रत्येक दोन पट्ट्यांमध्ये अभ्रकाचा पातळ थर, आणि ते अभ्रक तांब्यापेक्षा किंचित खाली कोरून घ्यायचं. ते जरा वर राहिलं की कार्बनचा ब्रश उडतो, ठिणग्या पडतात. हे काम जमणाऱ्या कारागिराला शॉपमध्ये मान असे, आणि तो रास्तच होता.

पुढे थ्री-फेज मोटर आली. तशा इंजिनांसाठी रेल्वेने एबीबी या कंपनीशी करार केला तो 1993 सालचा, पण जुन्या पद्धतीची इंजिनं त्यानंतरही वीसेक वर्षं बनत राहिली. मुंबईकरांनी हा बदल 2007 नंतर नव्या लोकलमधून पाहिला. या मोटरला कम्युटेटर नाही, ब्रशही नाही. म्हणजे ज्या कौशल्याचा सर्वांत जास्त दिमाख, त्याचंच काम संपलं. उलट कॉइलवर अभ्रकाची टेप गुंडाळणाऱ्याचं महत्त्व वाढलं. अर्धी टेप आधीच्या फेऱ्यावर चढवत, ताण सारखा ठेवत गुंडाळायची, कुठे सुरकुती नाही, कुठे पोकळी नाही. या मोटरला इन्व्हर्टरमधून वीज अत्यंत वेगाने चढणाऱ्या झटक्यांनी येते, आणि इन्सुलेशनमध्ये कच्ची जागा असेल तर ते झटके ती बरोबर शोधून काढतात. कंटाळवाणं म्हणून ज्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं, ते काम आता मोटरचं आयुष्य ठरवतं.

कारखान्याला हे आधी कसं कळावं? संस्था कशी शिकते हे तपासायला स्टॅनफर्डचे जेम्स मार्च यांनी 1991 साली संगणकावर एक साधं प्रारूप मांडलं. संस्थेची एक ठरलेली रीत असते. माणसं ती शिकतात, आणि ज्यांना त्या रीतीपेक्षा जास्त कळतं त्यांच्याकडून संस्था शिकते. त्यातून निघालेला निष्कर्ष व्यवस्थापकांना रुचणारा नव्हता. सगळे झटपट शिकले तर सगळे लवकरच एकसारखे होतात, आणि मग संस्थेला शिकवायला कुणी उरत नाही. थोडे हट्टी, सावकाश शिकणारे लोक असलेले बरे. बाहेरचं जग बदलत असेल तर काही माणसं जाऊन नवी येत राहणंही बरं.

'जाऊन नवी येत राहणं' यातला 'नवी येत' आपल्याकडे विसरला जातो, असं माझं मत आहे. साठच्या दशकात विशीत नोकरीला लागलेली पिढी 2000च्या आगेमागे एकदमच निवृत्त झाली. पुढे, 2013च्या सुमारास सगळ्या भेलमध्ये मिळून 48 हजारांच्या घरात माणसं होती. दहा वर्षांनी ती 30 हजारांच्या खाली आली. मार्च यांच्या प्रारूपात जाणाऱ्याची जागा नवखा घेतो. इथे बऱ्याच जागा रिकाम्याच राहिल्या. कम्युटेटरवाला गेला त्याचं एक वेळ चालेल. पण त्याच लाटेत टेपिंगवालाही गेला तर काय गेलं हे हिशोबाच्या वहीत कुठेच दिसत नाही.

बाजार तर थांबत नाही. नागपूरजवळ कोराडीच्या वीजकेंद्रात 660 मेगावॉटचे तीन संच उभे राहिले. ते काम भेलने नव्हे, लार्सन अँड टुब्रोने जपानच्या मित्सुबिशीच्या तंत्रज्ञानावर मिळवलं. गोविंदपुऱ्यातल्या, भेल हेच एकमेव गिऱ्हाईक असलेल्या शेडवाल्यांना असल्या बातम्यांचा अर्थ वर्तमानपत्राआधी कळतो: जॉबवर्क कमी येतं. ज्यांनी दुसरं गिऱ्हाईक आधीच धरलं, ते तगले. 2023 मध्ये टिटागढ ही कंपनी आणि भेल यांना मिळून 80 वंदे भारत शयनयान गाड्यांचं काम मिळालं, आणि त्यांच्या मोटरींसाठी पुन्हा भोपाळचंच नाव पुढे आलं. थ्री-फेजच्या, अर्थात.

जुन्या डीसी मोटरी मात्र मालगाड्या ओढणाऱ्या कितीतरी इंजिनांत अजून फिरताहेत. नाशिकरोडला रेल्वेचं ट्रॅक्शन मशीन वर्कशॉप आहे. मोटरी दुरुस्त करणं हेच त्याचं काम. जुनी इंजिनं मोडीत निघतील तसतसे कम्युटेटर तिथेही कमी होत जातील. तिथल्या कम्युटेटरवाल्याच्या हाताखाली नवा मुलगा द्यायचा, की त्या मुलाला थेट टेपिंगवर बसवायचं, हे तिथल्या फोरमनला आत्ताच ठरवावं लागतंय.