चार घड्यांची नोट

आमच्या घरात दहा रुपयांची एक नोट आहे. रिझर्व्ह बँकेचीच, पण भारतात ती कधीच चालली नाही. त्या काळी सोन्याच्या चोरट्या व्यापारात आपल्या नोटा आखातात जात आणि सरकारला परकीय चलन मोजून त्या परत घ्याव्या लागत. म्हणून १९५९ साली आखातासाठी निराळ्या नोटा निघाल्या, आणि हजयात्रेकरूंसाठीही, दहाच्या व शंभराच्या. हजच्या नोटेवर क्रमांकाआधी ‘एचए’ ही अक्षरं असतात.

आजोबा १९६० साली मुंबईहून बोटीने जेद्दाला गेले. (त्यांना आम्ही आजोबाच म्हणत असू, आजी मात्र दादी!) येताना एक नोट खर्चायची राहिली. तिच्या कडेला त्यांनी पेन्सिलीने लिहिलंय, ‘बांगड्या’. बांगड्या काही आल्या नाहीत. दादीने हयातभर त्यांना त्यावरून ऐकवलं, आणि नोट चार घड्या घालून आपल्या बटव्यात जपली.

आता धाकट्या भावाला पैशांची निकड आहे. नोटेत निम्मा वाटा त्याचा. त्याचा मुलगा म्हणाला, “चाचा, ग्रेडिंग करून घेऊ.” म्हणजे नोट तज्ज्ञ परीक्षकांच्या कंपनीकडे पाठवायची. ते खरी-खोटी ठरवतात, सत्तरपैकी गुण देतात आणि नोट पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात बंद करतात. फी, टपाल, विमा सगळं आपल्या खिशातून. शेवटी ७८६ असलेल्या साध्या नोटांसाठीही लोक हा खर्च करतात. मला तो वाया गेलेला वाटतो. तशी नोट आमच्या गल्लीत घरटी एक निघेल. हजच्या नोटेचं तसं नाही. गिऱ्हाईक आधी विचारतो, खरी कशावरून? त्याला माझ्या शब्दापेक्षा परीक्षकाचा कागद लागतो, आणि ते रास्तच आहे.

एका दुकानदाराने सल्ला दिला, अक्षर खोडा, नोट धुवा, दाबून सपाट करा. परीक्षकांना ते ओळखू येतं, शेऱ्यात लिहिलं जातं आणि किंमत उलट उतरते. पण खरं सांगू? ओळखू आलं नसतं तरी माझ्याने ते खोडवलं नसतं. भावाला फोन करून तसं सांगितलं. तो जरा गप्प राहिला. मग म्हणाला, “भाई, असू दे. मिळतील तेवढे मिळतील.”

घड्यांचे गुण जातील, अक्षराचा शेरा बसेल. पुतण्याच्या मते पंचविशीच्या आसपास गुण पडतील. पाठवायचं ठरलं.

नोट पाकिटात बंद होण्याआधी फुफीला दाखवायला नेली. तिला आता नीट दिसत नाही. तिने घड्या बोटांनी चाचपल्या, “अम्मीच्या बांगड्या,” म्हणून हसली, आणि दादीसारख्याच पुन्हा चार घड्या घालून नोट माझ्या हातात दिली.