चाकांवरचें घर आणि मोकळी पुळण
चाकांवर घर घेऊन निघालेल्या जोडप्यास घाई कसली? अमेरिकेंतील ओरेगॉन राज्यांत १०१ क्रमांकाच्या हमरस्त्यानें असें एखादें वृद्ध दांपत्य रमतगमत दक्षिणेस चाललेलें असतें. कॅनन बीचच्या पुळणीवर तीं दोघें अनवाणी हिंडतात. कोणी हटकीत नाहीं. (वाळू गाडींत येते, त्यास इलाज नाहीं.) हा हक्क मात्र आयता मिळालेला नव्हे. १९१३ सालीं गव्हर्नर ऑस्वल्ड वेस्ट यांच्या आग्रहानें ओली वाळू सार्वजनिक रस्ता ठरली. कोरडीबद्दल कायदा मुकाच राहिला. १९६६ सालीं येथेंच एका हॉटेलवाल्यानें ती अडविली. लोक खवळले, आणि १९६७ च्या कायद्यानें गवत उगवूं लागतें तेथपर्यंत सर्वांची वहिवाट मान्य झाली. पुढें केप पर्पेचुआची पायवाट सुमारें ८०० फूट उंचीपर्यंत चढून तीं दोघें मंदीच्या काळांत बांधलेल्या दगडी निवाऱ्यांत टेकतात. खालीं भरती येत असते.