‘चालेल’ म्हणजे कुठपर्यंत?



आपल्या बॅचमधले निम्मे लोक भोसरी-चाकणच्या मशीनवर जगतात. मी सॉफ्टवेअरवाला, तरी आज बोलणार आहे टॉलरन्सवर.

२० मिलिमीटरचं एच-सात भोक म्हणजे २० ते २०.०२१. सूट २१ मायक्रॉनची. प्लग गेजचं ‘गो’ टोक आत गेलं, ‘नो-गो’ अडलं, की पास. पार्ट कुणी बनवला याच्याशी गेजला देणंघेणं नाही.

आमचा प्रोग्राम दुसऱ्यांनी लिहिलेल्या शेकडो पॅकेजांवर उभा असतो. तिथेही सूट असते. आकड्याआधी टोपीसारखी खूण करून आम्ही ‘^१.४.०’ लिहितो. म्हणजे १.४.० किंवा त्यापुढचं काहीही चालेल, फक्त २.०.० च्या आतलं हवं. संकेत असा, की पहिला आकडा बदलला तर जुनं मोडू शकतं, मधला बदलला तर नवी सोय, शेवटचा बदलला तर नुसती दुरुस्ती. पण हा आकडा पॅकेजचा लेखकच ठरवतो. पुरवठादारानेच ‘पास’चा शिक्का मारून माल पाठवावा, तसं!

जानेवारी २०२२ मध्ये ‘कलर्स’ या पॅकेजच्या लेखकाने १.४.१ काढलं. शेवटचाच आकडा बदललेला, आणि आत मुद्दाम घातलेलं न संपणारं चक्र. मोठ्या कंपन्या आपलं काम फुकट वापरतात, ही त्याची जुनी तक्रार. (तक्रार खोटी नव्हती, असं माझं मत.) टोपी लावलेल्यांकडे ते आपोआप उतरलं.

चाकणच्या एका कारखान्यात मला बोलावलं होतं, तिथे एवढा दुष्टावा नव्हता. सर्व्हर नव्याने उभा केला आणि डिस्पॅचच्या लेबलावरचा बारकोड स्कॅनर वाचेना. कोडची एक ओळही बदललेली नव्हती. गेटवर तीन गाड्या उभ्या, आणि गिऱ्हाइकाच्या लाइनवर दोन तासांचा माल. एक पॅकेज मधल्या आकड्याने पुढे सरकलं होतं, बस्स. नेमक्या कुठल्या आवृत्त्या उतरल्या याची नोंद ठेवणारी लॉक फाइल असते. ती कुणी सोबत दिलीच नव्हती.

मग सगळं कायमचं गोठवावं? डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’मधलं भगदाड उघडं पडलं, तेव्हा २.१५, २.१६, २.१७ अशा दुरुस्त्या काही दिवसांतच आल्या. सगळं गोठवून ठेवलं असतं, तर त्या दुरुस्त्या आपल्यापर्यंत पोहोचल्याच नसत्या.

त्या कारखान्यात आता सूटही आहे, लॉक फाइलही. गुरुवारी लाइन बंद असताना नव्या आवृत्त्या एका जुन्या संगणकावर उतरवतात आणि पन्नास लेबलं छापून स्कॅनरखाली धरतात. एक जरी वाचलं गेलं नाही, तर लॉक फाइल आहे तशीच राहते.