वास कुणाचा, नाक कुणाचं?
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषणाचा संक्षेप)



हिंसाचार, मालमत्ता, पोटगी असे विषय सोडून ‘वास’ या विषयावर काय बोलायचं, असं काहीजणींना वाटेल. पण कायद्यापेक्षाही आपल्या तोंडातली भाषा आपल्याला जास्त बांधून ठेवते. आणि वासाइतकं चटकन माणसाला जवळ घेणारं किंवा दूर लोटणारं दुसरं काही नाही.

आपल्या बोलण्यातच पाहा. नुसतं ‘वास येतोय’ म्हटलं की तो घाणच असणार, असं आपण धरून चालतो. चांगल्याला मात्र सुवास, सुगंध, दरवळ असे वेगळे शब्द. वास घेणारं नाक तर घराण्याचं. मुलीने मनाने लग्न केलं की ‘आमचं नाक कापलं’. शूर्पणखेने इच्छा बोलून दाखवली, तर तिचं खरोखरचं नाक कापलं गेलं. नाक घराण्याचं असतं, पण कापलं जातं ते बाईमुळे, नाहीतर बाईचंच.

दुसरा वाक्प्रचार ‘चंदनासारखं झिजणं’. आईच्या गौरवाच्या आणि श्रद्धांजलीच्या भाषणांत तो हमखास येतो. चंदन उगाळलं की वास येतो, हे खरं. पण सहाण कुणाची, गंध कुणाच्या कपाळी लागलं, हे कुणी विचारत नाही. एखादी बाई झिजायला नाही म्हणाली, तर तिच्यासाठी आपल्याकडे गौरवाचा वाक्प्रचार नाही.

आता गोष्टींकडे येऊ. महाभारतातली सत्यवती आधी मत्स्यगंधा होती. कोळ्यांच्या घरी वाढलेली, बापाच्या सांगण्यावरून नाव वल्हवणारी कष्टकरी मुलगी. पराशर ऋषीने नावेतच तिच्याकडे संगाची मागणी केली. तिने आपल्या अडचणी मांडल्या, आणि वर मागायची वेळ आली तेव्हा अंगाला सुगंध मागितला. मग ती योजनगंधा झाली. त्या सुगंधाचा माग काढत शंतनू राजा आला आणि ती हस्तिनापूरची राणी झाली. वसंत कानेटकरांच्या ‘मत्स्यगंधा’ नाटकाने १९६४ साली ही कथा मराठी रंगभूमीवर आणली. आपण एवढंच विचारू या, की राजवाड्यात जायला कामाचा वास का टाकावा लागला? मासळीची पाटी घेऊन गाडीत चढणाऱ्या कोळणीला पाहून नाक मुरडणारे आजही तोच वर मागतात. फक्त तो स्वतःसाठी नसतो, तिच्यासाठी असतो.

वासाला जातही आहे. बऱ्याच भागांत ‘वशाट’ म्हणजे मांसमच्छीचा वास, आणि तेच मांसाहाराचंही नाव. ‘त्यांच्या घराला वास येतो’ असं म्हणून जागा नाकारता येते. जातीचं नाव घ्यावं लागत नाही. प्रेमकवितेत मोगरा, केवडा, रातराणी दरवळत असताना १९७२च्या ‘गोलपीठा’ने गटार आणि वस्ती कवितेत आणली. पण वस्तीतला वास झाडणारी, उपसणारी बाई अजून पुरेशी लिहिली गेलेली नाही. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायदा करावा लागला. कोरड्या संडासांचं हे काम करणाऱ्यांत बायकाच जास्त होत्या. घाण करणाऱ्याला वास लागत नाही, उचलणारीला लागतो.

फुलांचंही तेच. गजरा सवाष्णीचा. नवरा गेला की कुंकवाबरोबर गजराही गेला. अत्तर-गुलाबपाण्याच्या हळदीकुंकवात तिला जागा नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. ठराव झाला, पण आपल्या गावात अशा बाईच्या हातात गजरा कोण ठेवणार? ते काम परिपत्रकाने होत नाही.

असं असलं तरी वासाची भाषा सगळीच आपल्या विरुद्ध नाही. खमंग, खरपूस, खवट, कुबट, आंबूस, करपट, ओशट, जळकट हे शब्द स्वयंपाकघरात रोज राबवले ते बायकांनी. डाळ लागायच्या आधी, पीठ जुनं व्हायच्या आधी तिला वासावरून कळतं. हेच अत्तर पारखणाऱ्याने केलं तर ते कसब. बाईने केलं तर सवय. जात्यावरच्या ओव्यांत बुक्क्याचा, तुळशीचा वास येतो, आणि त्या वासाच्या आधाराने घरात अडकलेली बाई मनाने पंढरीला जाऊन येते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वां यांच्या पुढाकाराने अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या, म्हणून त्या आज आपल्यापर्यंत पोचल्या.

म्हणून एक सुचवते. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या भागातल्या वासाच्या पाच म्हणी, ओव्या किंवा शिव्या लिहून आणाव्यात. प्रत्येकीपुढे तीन प्रश्न लिहावेत: वास कुणाचा, नाक मुरडतं कोण, आणि फायदा कुणाचा? कोळीवाड्यातल्या, कचरा वेचणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या मैत्रिणींना आधी बोलू द्यावं. बाकीच्यांनी त्या दिवशी ऐकायचं काम करावं.