माजी सैनिकांची निद्रा आणि आपली औषधखिडकी
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील प्रशासकीय अधिकाऱ्यांचे मनोगत)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर; वैद्यकशास्त्रातील अधिकार माझ्याकडे नाही. तरीही जमाखर्चातील एका बाबीकडे आपले लक्ष वेधण्याची अनुज्ञा घेतो. आपल्या दानातून चालणाऱ्या मोफत औषधखिडकीवर झोपेच्या गोळ्या मागणाऱ्यांत माजी सैनिक ठळकपणे दिसतात.

सातारा जिल्ह्याची लष्करी परंपरा आपण जाणताच. अपशिंगे (मिलिटरी) या एका गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. पुढे १९६५ व १९७१ची युद्धे, १९८७ ते १९९० या काळातील श्रीलंकेतील शांतिसेना, १९९९चे कारगिल, या मोहिमांवर जिल्ह्यातील माणसे गेली. परतलेल्यांचे आपण सत्कार केले. त्यांच्या रात्रींची विचारपूस क्वचितच केली.

व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवानंतर, १९८० मध्ये, अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातोत्तर तणावविकारास आपल्या वर्गीकरणात स्थान दिले. पहाऱ्यावर जागणे हा ज्या शरीराचा धर्म होता, ते घरी आल्यावरही पहारा सोडत नाही. फटाका वाजला की छाती धडधडते. डोळा लागलाच तर दुःस्वप्नाने उघडतो, आणि मग माणूस झोपेलाच भिऊ लागतो. अशा घरांतील गृहिणी पतीला हात लावून उठवत नाहीत. दूर उभ्या राहून हाक मारतात.

अल्प्राझोलम, डायझेपाम यांसारख्या गोळ्यांनी आरंभी झोप येते. पुढे मात्रा वाढवावी लागते, स्मरण मंदावते, वृद्धांना पडण्याचा धोका संभवतो. त्यात कॅन्टीनची रम मिसळली तर श्वसनच मंदावू शकते. अमेरिकेच्या माजी सैनिक व संरक्षण विभागांची मार्गदर्शिका या विकारात ही औषधे देऊ नयेत असेच सांगते. दुःस्वप्नांसाठी आशा ठेवलेले प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषधही २०१८च्या मोठ्या चाचणीत निष्प्रभ औषधापेक्षा सरस ठरले नाही. मात्र कुटुंबीयांना कळकळीची विनंती: रोज चालू असलेली गोळी एकाएकी बंद करू नये, झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती हळूहळू उतरवावी लागते.

दीर्घकालीन निद्रानाशावर प्रथम उपचार म्हणून आता वर्तनोपचार सुचविला जातो. उठण्याची वेळ ठरलेली, अंथरूण केवळ निजण्यापुरते, झोप न आल्यास उठून बसणे, आणि अंथरुणातील वेळच प्रारंभी कमी करणे. ऐकावयास हे सोपे वाटते. पाळून घेण्यास मात्र प्रशिक्षित माणूस काही आठवडे सोबत लागतो. शिस्त अंगी बाणलेल्या फौजी माणसास हे पथ्य इतरांपेक्षा लवकर मानवेल, असे मला वाटते.

येथे हिशेबाचा प्रश्न येतो. गोळी स्वस्त, माणसाचा वेळ महाग. गोळ्यांच्या खोक्यांसमवेत देणगीदारांचे छायाचित्र निघते; समुपदेशनाच्या बंद खोलीतील एका तासाचे निघत नाही. म्हणून या निधीस दाते मिळत नाहीत, हे स्पष्टच बोललेले बरे.

पूर्णवेळ चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नेमणूक, आणि शनिवारी माजी सैनिक व त्यांच्या पत्नींसाठी विशेष बैठक, यांकरिता औषधनिधीतील काही रक्कम वळविण्याचा ठराव सभेपुढे आहे. तोवर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकाचा फलक औषधखिडकीवर लावला आहे. ठराव विषयपत्रिकेत सहाव्या क्रमांकावर आहे.